हाकेपुरती शांतता

मुलाला कॉम्प्युटर हवा होता. दिवसा लग्नांचे व्हिडिओ एडिट करायचे, रात्री गेम खेळायचे. साठ हजार त्यानेच साठवलेले. माझी अट एकच, आवाज नको. पक्षाघातानंतर सासूबाईंची हाक अगदी बारीक झालीय, आणि त्यांच्या खाटेत नि त्याच्या टेबलात फक्त एक पडदा.

बेळगावात खडेबाजारातल्या दुकानात तयार डेस्कटॉप मांडलेले. बंद काचेच्या, रंगीत दिव्यांच्या एकापाशी मुलगा थबकला. मी म्हटलं, "गेम लावून दाखवा की जरा." दहा मिनिटांत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर!

दुकानदार म्हणाला, "बाई, ग्राफिक्स कार्ड तापलं की पंखे पळतात. समोर काच, मग वारा येणार कुठून? लहान पंख्याला जास्त गरगरावं लागतं. 120 मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरूनही तेवढाच वारा देतो." हार्ड डिस्क कुरकुरते, एसएसडी मुकी, हेही कळलं.

शेवटी घेतला काळा, साधा डबा. समोर जाळी, मोठे पंखे, 16 जीबी रॅम, पण ग्राफिक्स कार्ड जरा हलकं. एडिटिंगला पुरेल, गेम थोडे कमी झळकतील. मुलगा वाटेत बोललाच नाही.

त्या रात्री तो खेळत बसला. एकच्या सुमारास पडद्याआडून हाक आली. मी उठून गेले, तर तो आधीच आजीला हात देऊन उठवत होता. हेडफोन गळ्यात होता. एक कान त्याने मोकळाच ठेवला असणार.