ॲसिडचं माप ठरवायच्या आधी पाणी बघा



"ड्रीपच्या पाण्यात ॲसिड लिटरला किती टाकू?" हा प्रश्न दर हंगामात येतो. विचारणाऱ्याला एकच आकडा पाहिजे असतो. मी उलट विचारतो, पाणी कुठलं? बोरचं की शेततळ्यातलं? मग समोरचा वैतागतो. म्हणून आज गणितच लिहून टाकतो. मी दहावी पास माणूस, लॉगचं कोष्टक कधी हातात धरलं नाही. तरी हे जमतं.

सामू, म्हणजे पीएच, ही पद्धत १९०९ साली सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. ती प्रयोगशाळा बिअरवाल्यांची, पण कामाला आली आपल्याला. एक लिटर द्रावणात आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन किती मोल आहेत, त्यावरून सामू निघतो. मोल म्हणजे डझनासारखं मोजायचं माप. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक मोल भरतो साडेछत्तीस ग्रॅम. हे ॲसिड जोरदार, पाण्यात पडलं की सगळंच्या सगळं सुटतं. त्यामुळं जेवढे मोल ॲसिड तेवढेच मोल हायड्रोजन आयन.

आता आकडे बघा. ०.१ मोल असेल तर सामू १. ०.०१ असेल तर २. ०.००१ असेल तर ३. टिंबानंतर १ हा आकडा कितव्या घरात आहे ते मोजायचं, झालं. मधल्या आकड्यांसाठी एकच गोष्ट पाठ करा: ॲसिड दुप्पट केलं की सामू ०.३ नं उतरतो. ०.००१ ला ३, ०.००२ ला २.७, ०.००४ ला २.४.

बाजारातलं ३३ टक्क्यांचं ॲसिड लिटरला साधारण १ किलो १६० ग्रॅम भरतं. त्यात खरं ॲसिड ३८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ठोकळमानानं १० मोल. म्हणजेच १ मिलीत ०.०१ मोल. शुद्ध पाण्याच्या लिटरला १ मिली टाकलं की सामू थेट २ वर. सामू २ म्हणजे लिंबाच्या रसाइतकं आंबट पाणी.

पण आपल्या बोरचं पाणी शुद्ध कुठं असतं? त्यात बायकार्बोनेट असतं. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो तो त्याच्यामुळंच. ॲसिड आधी त्याच्याशी भिडतं, बुडबुडे येतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो. ते संपेपर्यंत सामू हळूहळूच उतरतो. रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट मिलिग्रॅममध्ये असेल तर ६१ नं भागा. माझ्या बोरचं ३०५ आहे, म्हणजे ५. लिटरला ०.४ मिली ॲसिड म्हणजे त्याच मापात ४. पाचातलं एक बायकार्बोनेट शिल्लक राहतं आणि सामू साडेपाच ते सहाच्या मध्ये थांबतो. खतासोबत रोज चालवायला मला हे बरं वाटतं. पाइपा धुवायच्या वेळी सामू याहून खाली नेतात, पण ते थोड्या वेळाचं काम, त्याचा हिशोब वेगळा.

श्रावणात पुतण्याचा फोन आला. "काका, शेततळं भरलंय, बोर बंद करून तेच पाणी सोडतोय. ॲसिड तेवढंच ठेवू ना?" त्याच्या बोरचा रिपोर्ट माझ्यासारखाच, माप पण तेच. मी म्हटलं, आधी व्हेंचुरी बंद कर, मग बोलू. तळ्यात ताडपत्रीवर साठलेलं पावसाचं पाणी, बायकार्बोनेट जेमतेम ३०, म्हणजे अर्धा. चारातून अर्धा वजा केला तर साडेतीन शिल्लक, म्हणजे ०.००३५ मोल मोकळं ॲसिड. सामू अडीचच्या जवळ! माप तेच, व्हेंचुरी तीच, पण मुळाशी जाणारं पाणी हजारपटीहून जास्त आम्ल. पांढऱ्या मुळ्या जळाल्या असत्या आणि फिल्टरचं लोखंडही खाल्लं गेलं असतं. तळ्याच्या पाण्याला ॲसिडची गरजच नव्हती.

अल्कलीचं गणितही असंच, फक्त उलटं. हायड्रॉक्सिल आयनाचा आकडा काढायचा आणि १४ मधून वजा करायचा. चुन्याची निवळी घ्या. लिटरभर पाण्यात विरघळलेला चुना दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.०२ मोल. एका चुन्यामागं दोन हायड्रॉक्सिल, म्हणून ०.०४. त्याचा आकडा १.४, चौदातून गेला की १२.६. प्रत्यक्षात साडेबाराच्या आसपास भरतो. अजून पाटीभर चुना ओतला तरी सामू वाढत नाही. विरघळतच नाही तर वाढणार कसा? तो तळाशी बसतो आणि पंपाचा नोझल चोंदतो.

सायट्रिक, फॉस्फोरिक, व्हिनेगर यांना मात्र हे सरळ गणित लावू नका. ती ॲसिडं अर्धवटच सुटतात. व्हिनेगरमधलं ॲसिड लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल घेतलं तर हिशोबानं सामू १ यायला पाहिजे, येतो २.९ च्या आसपास.

म्हणून कागदावर आकडा काढला तरी १० लिटरची बादली घ्या. ज्या पाण्यावर मोटर चालणार तेच पाणी भरा. इंजेक्शनच्या सिरिंजनं अर्धा अर्धा मिली ॲसिड सोडत, ढवळत, सामूच्या पट्टीवर बघत जा. पट्टी लगेच बघा. बादली उघडी ठेवली तर वायू उडून जातो आणि सामू परत वर चढतो, पाइपात तसं होत नाही. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. आणि ब्लीचिंग पावडरीच्या डब्याला ॲसिडचं माप लावू नका, क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे, चष्मा घालूनच.

रिपोर्टवर बायकार्बोनेटऐवजी नुसतं टीडीएस असेल तर या हिशोबाला तो रिपोर्ट उपयोगाचा नाही. लॅबवाल्याला बायकार्बोनेट वेगळं काढून मागा.