खुनी कळल्यानंतर

रहस्य आणि थरार कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासणं हे माझं काम. प्रत्येक हस्तलिखित मी दोनदा वाचते; दुसऱ्यांदा, शेवट ठाऊक असताना. माझं मत ठरतं ते या दुसऱ्या वाचनात.

काही वर्षांपूर्वी एका हस्तलिखिताने मला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं. बायकोच्या खुन्याचा माग काढणारा नवरा स्वतःच गोष्ट सांगत होता आणि शेवटी खुनी तोच निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला बसले. तिसऱ्या प्रकरणात हा माणूस अंधारात एकटा बसून खून कोणी केला असेल, या विचाराने डोकं शिणवतो. खोलीत दुसरं कोणीच नाही. मग मनातल्या मनात तो खोटं बोलत होता ते फक्त माझ्याशी! लेखकाचा खुलासा असा, की या नवऱ्याला विस्मरणाचा आजार आहे, शेवटच्या प्रकरणात तसं सांगितलंय.

वाचकाचा हिरमोड होतो तो इथे. चकवा त्याला हवाच असतो, फसवणूक नको असते. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ने 1926 साली वाचकांना जबरदस्त चकवलं, काहींना तो अन्याय वाटला. पण शेवट कळल्यावर मागची पानं उलटून पाहा. लपवलेल्या गोष्टीची जागाही तिथे दिसते. आपणच ती भरभर वाचून पुढे गेलेलो असतो.

रूथ रेंडेल तर त्याहून धीट. ‘अ जजमेंट इन स्टोन’ (1977) या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात खुनी कोण, बळी कोण आणि कारण काय, तिन्ही सांगून टाकलंय. युनिस ही घरकाम करणारी बाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती मालकाचं कुटुंब संपवते. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. कारण केवळ निरक्षर आहे म्हणून कोणी खून करत नाही. मग हिने का केला? इथे मालकिणीने ठेवलेली चिठ्ठीसुद्धा धडकी भरवते. नजर अधू असल्याचं भासवायला युनिस चष्मा लावते. घरातली मुलगी तो सहज डोळ्यांना लावते, तर काचा साध्याच! मुलगी मायेने म्हणते, मी शिकवते तुला वाचायला. युनिसला ती माया सहन होत नाही. लाज एका माणसात किती खोल मुरू शकते, हे त्या क्षणी कळतं आणि अंगावर काटा येतो.

म्हणून शेवटी आजाराचं नाव पुढे करणाऱ्या कादंबऱ्यांची मला चीड येते. आजार सांगितला म्हणजे मन उलगडलं असं होत नाही, आणि तो आजार खरोखर सोसणाऱ्यांवर उगाच संशयाची सावली पडते.

त्या लेखकाला मी एवढंच सुचवलं: खुनी कोण ते पहिल्या पानावर सांगा आणि मग लिहून बघा. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, “मॅडम, चाळीस पानांत संपतंय सगळं. त्या बायकोबद्दल मी काही लिहिलेलंच नाही. ती कोण होती, मलाच माहीत नाही.”

आता त्याने तिच्यापासून सुरुवात केली आहे.