ज्योचे केस, लुइसाचे हक्क

नगरच्या मुलींना नाताळ पुस्तकात वाचून समजून घ्यावा लागत नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 पासून आहे. डिसेंबरात शेजारून करंज्यांचं ताट यायचं, ना. वा. टिळकांची भजनं कानावर पडायची. त्यामुळे जिल्हा वाचनालयातून शांता शेळके यांनी अनुवादलेलं ‘चौघीजणी’ आणलं, तेव्हा मार्चबाईंच्या घरातला तो ओढगस्तीचा नाताळ मला परका वाटलाच नाही. प्रत चांगलीच हाताळलेली होती. बेथ जाते त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं ‘रडून घे’ असं लिहिलं होतं. मी आज्ञाधारकपणे रडले.

शाळेत मी अर्थातच चौघींतली ज्यो. आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हातात केस विकून आणलेले 25 डॉलर ठेवणारी. कॉलेजात मात्र तिचं त्या प्रौढ प्रोफेसरांशी लग्न लागलेलं रुचेना. पुढे कळलं, मूळ लेखिका लुइसा मे अल्कॉटलाही ज्यो अविवाहितच हवी होती. मुलींची लग्नं लावा, असा वाचकांचा लकडा होता. शेजारच्या लॉरीला तर ज्यो देणार नाही, या हट्टानं लुइसानं हा नवरा शोधला. स्वतः मात्र लग्नाच्या वाटेला गेली नाही. आपल्या शांताबाईही नाहीत.

घराचे हप्ते सुरू झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा दिसला तो पैसा. लुइसाचे वडील तत्त्वज्ञ. तत्त्वज्ञानावर चूल पेटत नाही. तिनं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, टोपणनावानं सनसनाटी कथा लिहिल्या. 1862 च्या डिसेंबरात लुइसा वॉशिंग्टनला यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेली आणि विषमज्वर घेऊन परतली. त्यावर दिलेल्या पाऱ्याच्या औषधानं आपली तब्येत कायमची बिघडली, असं ती मानत राहिली.

1868 साली प्रकाशकानं मुलींसाठी पुस्तक मागितलं. तिला त्यात फारशी गोडी नव्हती, तरी लिहिलं. आणि एकरकमी पैसे घेऊन मोकळी न होता कॉपीराइट स्वतःकडे ठेवला. घरावरचं जुनं कर्ज त्याच पुस्तकानं फिटलं.

तुमच्या घरात नुकती कमावती झालेली मुलगी असेल, तर तिला ‘चौघीजणी’ जरूर द्या. ज्योनं केस विकले हे ती वाचेलच; लुइसानं हक्क विकले नाहीत, हे तेवढं तुम्ही सांगा.