बिनटोकाचा गळ

आम्ही सावंतवाडीकडची माणसे. मासा पाहिला की आमच्या मनात पहिला विचार येतो तो सारासंबंधी किंवा तळणासंबंधी. त्याच्या सौंदर्याचा विचार ताट रिकामे झाल्यावर, आणि तोही सवड असली तर! तेव्हा एक मासा धरण्यासाठी हिवाळाभर तयारी करायची, शेकडो मैल जायचे, गार पाण्यात कंबरेएवढे उभे राहायचे आणि एवढे करून मासा लागलाच तर त्याला सोडून द्यायचे, असा उद्योग करणारी माणसे जगात आहेत असे मला कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. परंतु असा एक गृहस्थ मला भेटला, आणि त्याने मलाच विचारात पाडले.

भेट झाली ती अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी. शहराच्या पश्चिमेला संगणकाच्या चिपा तयार करणारे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांच्या आश्रयाने पुष्कळ मराठी कुटुंबे तिथे वसली आहेत, त्यांतलेच एक आमच्या लेकीचे. सकाळी लेक-जावई कामावर गेली की दिवस अंगावर येई. सौ. टेलिव्हिजनपुढे बसे आणि मी रस्त्यावरून येरझारा घाली. शेजारच्या मोटारखान्याचे दार उघडे असे. आत, दिव्याच्या झोतात, पंच्याहत्तरी ओलांडलेला एक धिप्पाड म्हातारा सोनारासारखा वाकून काहीतरी बारीक काम करताना दिसे.

एके दिवशी सहज डोकावलो आणि जागीच थबकलो. टेबलावर रानकोंबड्याची मान होती! आपला सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या काळसर पिसांवर मेण ओतल्यासारखे पांढरे-पिवळे तकतकीत ठिपके असतात. ते एकदा पाहिले की विसरत नाहीत.

"हा पक्षी आमच्या गावचा आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही तो जिवंत पाहिलाय?" त्याने असे विचारले, जणू मी एखाद्या संताच्या दर्शनाला जाऊन आलो होतो. "पन्नास वर्षं मी याची पिसं बांधतोय. त्याचा आवाज कसा असतो?"

मी घसा साफ करून आवाज काढून दाखवला. आमची मैत्री तिथे जुळली.

गळाला लावायची खोटी माशी तो करीत होता. या पिसाचा आणि माशीचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले साहेबलोक सामन मासा धरण्यासाठी रंगीबेरंगी माश्या बांधीत, आणि त्यांच्या गालांवर आमच्या रानकोंबड्याचे हे पीस लावीत. पाण्यात ते डोळ्यासारखे चमकते. हिंदुस्थानातून अशा माना जहाजाने रवाना होत. आज आपल्याकडे हा पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहे, आणि परदेशातल्या हौशी लोकांना पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसे वापरावी लागतात. म्हाताऱ्याजवळची मानही तशीच होती. एकेक पीस तो केशराच्या काडीसारखे जपून काढी.

पण त्याची माशी गळावर बांधलेली नव्हती. ती बांधली होती एका नळीवर! बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, आरपार पोकळ, प्लास्टिकची नळी. सोनाराकडे असतो तसल्या छोट्या व्हाइसमध्ये सुई धरायची आणि तिच्यावर ही नळी चढवायची. नळीचे तोंड ज्योतीजवळ नेले की कड वितळून किंचित फुगते, म्हणजे दोरा घसरत नाही. मग रेशमासारख्या दोऱ्याचे घट्ट वेढे, त्यावर चंदेरी जर. पुढे लोकरीची बारीक गोळी, कारण तिच्या आधाराने पिसे फुलून उभी राहतात. त्यावर टर्कीची मऊ पिसे, ध्रुवीय कोल्ह्याची लव, चमकीचे दोन-चार तंतू, शेवटी दोन्ही गालांवर रानकोंबड्याचे एकेक पीस, आणि डोक्यावर व्हार्निशचा थेंब. दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या चिकटवताना आमचे वडील श्वास रोखून धरीत, तसा हा गृहस्थ शेवटच्या गाठीला श्वास रोखी.

"आणि गळ?" मी विचारले.

नळीतून तंगूस ओवायचा आणि त्याच्या टोकाला लहानसा गळ बांधून तो नळीच्या मागच्या मऊ तुकड्यात अडकवायचा. मासा लागला की माशी तंगुसावरून वर सरकते आणि माशाच्या तोंडात फक्त आखूड गळ राहतो. लांब दांड्याच्या गळाला मासा हिसडे देऊन जखम वाढवतो किंवा सुटतो. इथे त्याला तरफ मिळत नाही. गळ बोथट झाला तर तेवढाच बदलायचा, तासभर खपून केलेली माशी शाबूत राहते. ही युक्ती स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची. तिथल्या चार्ल्स प्लेफेअर कंपनीत माश्या बांधणाऱ्या विनी मोरावस्की या बाईंनी सुमारे 1945 साली टर्कीच्या पिसाचा पोकळ देठ घेऊन त्यावर माशी बांधली. पुढे एका डॉक्टराने शस्त्रक्रियेची नळी कापून वापरण्याची सूचना केली, असे सांगतात. जगातल्या पुष्कळ चांगल्या कल्पना अशा भंगारातूनच निघतात!

हे सगळे कोणासाठी, तर स्टीलहेडसाठी, म्हणजे 'पोलादी डोक्या'च्या माशासाठी. जातीने तो इंद्रधनुषी ट्राउटच. पण त्याचे भाऊबंद जन्मभर नदीतच राहतात, आणि हा एक-दोन वर्षांचा झाला की पॅसिफिक महासागरात निघून जातो. तिथे वाढून, रुपेरी होऊन, जन्माच्या ओढ्याचा वास हुडकीत परत येतो. पॅसिफिकचे सामन अंडी घातल्यावर मरतात, स्टीलहेडांतले काही मात्र पुन्हा समुद्र गाठतात. आणि गंमत अशी, की नदीत परतलेला स्टीलहेड जवळजवळ काही खातच नाही.

"मग तो तुमची माशी का धरतो?"

"कोणी म्हणतं रागानं, कोणी म्हणतं जुन्या आठवणीनं," म्हातारा म्हणाला. "त्याला विचारायला आपण जाऊ. सप्टेंबरात चला माझ्याबरोबर."

गेलो. पोर्टलंडहून दक्षिणेला पावणेदोनशे मैलांवर रोझबर्ग गाव लागते. तिथून नॉर्थ अंप्क्वा नदीच्या काठाने रस्ता डोंगरात शिरतो. वाटेत ग्लाइड गावी लिटल रिव्हर ही उपनदी समोरासमोर येऊन तिच्यावर आदळते. पुढे पाणी पाचूसारखे हिरवे, इतके नितळ की तळाचा गोटा न् गोटा मोजावा. या नदीच्या वरच्या सुमारे 50 किलोमीटर पट्ट्यात फक्त खोटी माशी चालते, दुसरे आमिष चालत नाही. कादंबरीकार झेन ग्रे 1930 नंतरच्या दशकात इथेच मुक्काम ठोकून बसे.

पण काठावरची झाडे पाहून माझ्या पोटात कालवले. मैलच्या मैल डग्लस फरचे काळे ठिक्कर बुंधे उभे होते. 2020 च्या सप्टेंबरात आर्ची क्रीकची आग इथून गेली. पुढच्याच वर्षी उन्हाळी स्टीलहेड इतके थोडे परतले, की ऑगस्ट ते नोव्हेंबर नदीवर मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. त्या हिवाळ्यातही म्हातारा रोज माश्या बांधीत होता म्हणे. बंद नदीसाठी!

त्याने मला आधी स्टीमबोट क्रीकवर नेले. या उपनदीत 1932 पासून मासेमारीला बंदी आहे, कारण मासे इथे अंडी घालायला येतात. बिग बेंड नावाच्या डोहाला एक गार ओढा मिळतो. उन्हाळ्यात बाकीचे पाणी तापले की स्टीलहेड इथे दाटीने थांबतात. पूर्वी चोरटे लोक या डोहात सुरुंग टाकीत. 1999 पासून ली स्पेन्सर नावाचे एक पुरातत्त्वज्ञ आपली कुत्री घेऊन कितीतरी उन्हाळे या डोहाशी राखणीला बसले, आणि बसल्या बसल्या माशांची प्रत्येक हालचाल वहीत टिपीत गेले.

आम्ही काठावर बसलो. खाली हाताएवढ्या लांब राखाडी सावल्या प्रवाहाला तोंड करून स्थिर उभ्या होत्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग म्हातारा पाण्याकडे पाहतच म्हणाला, "विसाव्या वर्षी मी याच डोंगरांत लाकूडतोड्या होतो. ओढ्याच्या थेट काठापर्यंत झाडं पाडायचो. सावली गेली, पाणी तापलं. माती वाहून खड्यांवर बसली, तिच्याखाली अंडी गुदमरली. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. 1968 साली 'पास क्रीक' नावाचा चित्रपट निघाला, त्यात सगळं दाखवलं. तो पाहूनही मी आणखी तीन वर्षं झाडं पाडली. घरात दोन मुलं होती."

मी काय बोलणार? मला आमच्या परसातली चूल आठवली. आजोबा पहाटे बंदूक घेऊन आंबोलीच्या घाटात जात आणि रानकोंबडा घेऊन येत. मटणाचा वास घरभर सुटे, आणि मानेची पिसे आम्ही पोरे टोपीत खोवीत असू. त्याचा आवाज तेव्हा चारी बाजूंनी येई. तो संपणारा आहे, हे आमच्या मनातही आले नव्हते. हे मी त्याला सांगितले. त्याने नुसती मान हलवली.

संध्याकाळी मुख्य नदीवर परतलो. त्याने लांब, दोन हातांनी फेकायची काठी जुळवली, नळीवरची माशी तंगुसात ओवली आणि गळ बांधला. मग खिशातून पकड काढून कट्कन गळाचे टोकच तोडून टाकले!

"अहो, हे काय?" मी ओरडलो.

"स्पेन्सरही असंच करायचे," तो म्हणाला. "त्यानं माझी माशी घेतली, एवढं कळलं की मला पुरे. त्याला टोचायची गरज उरली नाही."

तो पाण्यात शिरला. माशी पलीकडे फेकायची, प्रवाहाबरोबर कमानीतून फिरू द्यायची, दोन पावले खाली सरकायचे, पुन्हा फेकायची. तास गेला. मग त्याने मला बोलावले, काठी माझ्या हातात दिली आणि माझ्या मनगटाला आपला हात लावला. पाचव्या-सहाव्या फेकीला दोरी एकदम जड झाली. कोणीतरी बळकट, जिवंत, पलीकडून ओढत होते. मी श्वास रोखला. दोन क्षण, फार तर तीन. मग दोरी हलकी झाली आणि नदी पूर्ववत वाहू लागली.

माझ्या हाताचा कंप मोटारीत बसेपर्यंत गेला नाही. सारातला मासा मी पुष्कळदा खाल्ला होता. त्या संध्याकाळी मासा मला पहिल्यांदाच भेटला.

निघताना त्याने एक माशी माझ्या हातावर ठेवली. दोन्ही गालांवर आमच्या डोंगरातले डोळे.

परत आल्यावर हिवाळ्यात एकदा पहाटे मुद्दाम आंबोलीला गेलो. धुक्यात तासभर उभा राहिलो, तेव्हा कुठे दरीच्या तळातून एकच आवाज आला. मी मोबाइल वर धरून तो टिपून घेतला आणि पोर्टलंडला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता: "दुसऱ्यानं ओ दिली का?"

त्या दिवशी दिली नव्हती. म्हणून मी पुन्हा जाणार आहे.