यादी बँकेची, ग्राहक कुणाचा?

वेल्थ मॅनेजमेंटमधला रिलेशनशिप मॅनेजर राजीनामा देतो, तेव्हा बँकेला त्याच्यापेक्षा त्याच्या ‘बुक’ची काळजी जास्त लागते. बुक म्हणजे ज्यांचा पैसा तो सांभाळतो ती घरं. तो समोरच्या कंपनीत रुजू होतो न होतो तोच नोटीस येते: आमचे ग्राहक फोडू नका. मग नोटीस आणि नेमणूकपत्र घेऊन तो माझ्यासारख्या वकिलाकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला: ‘सही केलीय, आता अडकलो का?’

सहसा नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७नुसार, कायदेशीर धंदा-व्यवसायाला अटकाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. कल्याणच्या टायरकॉर्ड कारखान्यातला एक कर्मचारी कराराची पाच वर्षं संपण्याआधीच प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा करार चालू असेपर्यंतचं बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये उचलून धरलं. नोकरीनंतरचं बंधन मात्र न्यायालयं सहजी मान्य करत नाहीत.

आमच्या क्षेत्रात हटकून निघणारा निकाल २००६चा, दिल्ली उच्च न्यायालयाचा. अमेरिकन एक्सप्रेस बँकेने आपल्या वेल्थ मॅनेजमेंट अधिकाऱ्याविरुद्ध मनाई मागितली. ती मिळाली नाही. ग्राहकांची माहिती साठवून तिला गोपनीय म्हटलं, म्हणून त्या ग्राहकांवर बँकेची मक्तेदारी होत नाही, असा निकालाचा आशय.

हे ऐकून अशिलाचा चेहरा खुलतो. तेव्हा त्याला दुसरी बाजू सांगावी लागते. त्याच न्यायालयाने १९९५मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात ग्राहकांच्या पत्त्यांच्या यादीला कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं. आणि २००९मध्ये डेसिकंट रोटर्सच्या माजी अधिकाऱ्याला नवी नोकरी करू दिली, पण जुन्या ग्राहकांकडे धंदा मागायला जाण्यास मनाई केली.

त्यामुळे खटला कलमांपेक्षा पुराव्यावर फिरतो. राजीनाम्याच्या आदल्या रात्री स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली एक्सेल शीट सर्व्हरच्या नोंदीत सापडते, आणि मग कलम २७चा आधार लंगडा पडतो. ‘मी अमुक ठिकाणी रुजू झालो’ एवढा व्हॉट्सअ‍ॅप संदेश सांभाळून घेता येतो. ‘तुमचा पोर्टफोलिओ इकडे हलवू, फॉर्म पाठवतो’ या ओळीचा बचाव अवघड. ग्राहकाने आपणहून फोन केला असेल, तर तो कॉल-लॉग मी आधी जपायला सांगतो.

या भांडणात ज्याचा पैसा, तो ग्राहक पक्षकारच नसतो. म्युच्युअल फंडांत ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न सेबीने २००९मध्येच सोडवला: वितरक बदलायला जुन्या वितरकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. अमेरिकेत २००४मध्ये तीन मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांनी समझोता केला. सोडून जाणाऱ्या सल्लागाराने ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल आणि खात्याचं शीर्षक एवढंच न्यावं. बाकी कागद मागे ठेवावेत. पुढे शेकडो कंपन्या त्यात आल्या. २०१७मध्ये मॉर्गन स्टॅन्लीसारखी बडी कंपनी बाहेरही पडली. तरी रेघ कुठे ओढायची, हे त्या पाच बाबींनी दाखवून दिलं.

आपल्या बँकांनीही अशी रेघ ओढावी. होल्डिंग्ज, केवायसीचे कागद, जोखमीची नोंद बँकेकडे राहू दे. नाव आणि फोन नंबर सल्लागाराला नेऊ दे. पुढे कुणाकडे जायचं, ते ग्राहक ठरवेल. वकिलांचा धंदा थोडा बसेल, हे मान्य करूनच हे सुचवतो आहे.