आत्याची काठी



शास्त्रपाठ : २ राजे ५:१-१९

गेल्या महिन्यात मी लांजीच्या देवळांना जाऊन आलो. ही बातमी काहींच्या कानावर आधीच गेली आहे, म्हणून काय झालं ते मीच लिहितो.

लांजी बालाघाट जिल्ह्यात, आपल्या गोंदियाहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं. राजेगावला बाघ नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. पाटीवरची भाषा बदलते, माणसं तीच. बाजारात हिंदी, मराठी, पोवारी सगळं एकत्र ऐकू येतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक वर्षातून दोन-तीनदा हौशी लोकांना घेऊन त्या भागातली जुनी देवळं, कोरीव काम आणि किल्ला दाखवतात. एक गाडी, बारा माणसं, डबा ज्याचा त्याचा.

मला कोरीव कामाची फारशी आवड नाही. मी गेलो आत्यासाठी.

बाबांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षापासून आत्या आमच्या घरी पाणीही प्यायली नव्हती. बाबा गेले तेव्हा दारापर्यंत आली आणि परत गेली. पुढे तिचे यजमान वारले, मुलं दूर राहिली, आणि तीन वर्षांपूर्वी मी तिला घरी घेऊन आलो. आता संध्याकाळच्या प्रार्थनेला ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते. डोळे मिटत नाही, पण उठूनही जात नाही. तीन वर्षांत तिनं एकदाही काही मागितलं नव्हतं. लांजीच्या सहलीचं कानावर आलं तेव्हा म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या शिवरात्रीला आम्ही बैलगाडीनं कोटेश्वराला गेलो होतो. एकदा पुन्हा बघायचं होतं."

रविवारी उपासनेनंतर मी हे सहज बोललो. आपल्या मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "आजाऱ्यांना भेटायला जाणारा, शास्त्रपाठ वाचणारा माणूस तू. तू देवळात गेलास तर पोरांनी काय समजायचं?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ज्यांच्या आईवडिलांनी गावाचा बहिष्कार सोसून प्रभूला धरलं, त्यांना या गोष्टी हलक्या वाटत नाहीत. मी त्या रात्री नामानाची गोष्ट काढून बसलो.

अरामाचा सेनापती नामान यार्देनेत बुडी मारून बरा झाला, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पुढचा भाग मात्र आपण भरभर वाचतो. तो दोन खेचरांवर मावेल इतकी माती मागतो, आणि मग अलीशापुढे एक अडचण ठेवतो : माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जाताना माझ्या हातावर भार देतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा होईल का? अलीशा त्याला परवानगी देत नाही, दटावतही नाही. शांतीनं जा, एवढंच सांगतो. मला ते पुरेसं वाटलं. खरं सांगायचं तर मी ते वचन वकिलासारखं खिशात घालून निघालो.

आधी हट्ट्याची बावडी पाहिली. जमिनीखाली उतरत जाणारं गोंडकाळातलं दगडी बांधकाम, खांब, खोल्या, तळाशी पाणी. वरच्या उन्हातून पायऱ्या उतरलं की अंगाला गारवा लागतो. आत्या वरच बसली. गुरुजी सांगत होते की हा मुलूख त्याहूनही कितीतरी जुना आहे. याच जिल्ह्यात तिरोडीला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, पाचव्या शतकातला, एक गाव दान दिल्याचा. मग ते गोंडांकडे वळले आणि म्हणाले, "तुमच्या हिस्लॉपसाहेबांनी गोंडांची गाणी लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहेत."

"तुमच्या" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, माणूस मात्र फारसा नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली सुवार्तेसाठी नागपूरला आले, शाळा काढली, आणि दगड, जीवाश्म, गोंडांचं लिंगोचं गाणं सगळं जमवत राहिले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापले. दुसऱ्यांच्या पूर्वजांचे दगड बघायला गेलेला मिशनरी! बावडीच्या पायऱ्या चढताना मला जरा धीर आला.

लांजीचा किल्ला झाडीत आहे. लांजकाई देवीवरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. किल्ल्यात आत्या थकली, म्हणून कोटेश्वराला पोचेपर्यंत दुपार झाली. देऊळ गावापासून थोडं बाजूला, दगडी. बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या मूर्ती आहेत, काहींचे चेहरे ऊनपावसानं झिजून गेलेले. गुरुजी एकेक दाखवू लागले. आत्या तिकडे बघतही नव्हती. एका खांबाला हात लावून म्हणाली, "इथं बसून आम्ही मुरमुरे खाल्ले होते." हजार वर्षांचा इतिहास चालू होता आणि तिचा साठ वर्षांचा.

दर्शनाची वेळ आली. तिची काठी माझ्या डाव्या हातात, ती माझ्या उजव्या हातावर. एकेक पायरी चढत होतो. मी मनात नामानाचं वचन घोकत होतो. उंबरठ्यापाशी आलो आणि तिनं माझा हात सोडला.

"तू इथंच थांब."

"आत्या, पडशील."

"नाही पडत. तुझ्या बाबाला आवडलं नसतं."

बाबांचं नाव तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी तिला धरलं. मी तिची काठी आणि चपला घेऊन उन्हात उभा राहिलो. आत घंटा वाजली. खिशातलं वचन मला काढावंच लागलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा हातात खोबऱ्याचे तुकडे होते. सगळ्यांना वाटले, ड्रायव्हरलाही दिला. माझ्यापाशी आली आणि मूठ मिटून घेतली. मग पिशवीतून सकाळी आमच्या घरी भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. आम्ही त्या खांबापाशी बसून खाल्ले.

पुढच्या रविवारी त्याच वडीलधाऱ्यांनी मला फाटकापाशी गाठलं. "मग, गेला होतास आत?"

"नाही," मी म्हणालो. "आत्यानं जाऊ दिलं नाही."