वाचावयाच्या पुस्तकांची वही

वाचलेल्या पुस्तकांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. गोविंद तळवलकरांचे 'वाचता वाचता' किंवा सतीश काळसेकरांचे 'वाचणाऱ्याची रोजनिशी' ही नावे सहज आठवतात. काळसेकरांच्या पुस्तकाला तर २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. न वाचलेल्या पुस्तकांविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. लिहावे तरी कसे? वाचलेले पुस्तक मिरविता येते, न वाचलेले लपवावे लागते. ज्याचा चरितार्थच वाङ्मय शिकविण्यावर चालतो, त्याला तर विशेषच. तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे मराठी शिकवून २००६ साली निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांची वही म्हणूनच पाहण्यासारखी आहे.

वही लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी ठेवतात तशी. पट्टीने आखलेले पाच रकाने : पुस्तक, लेखक, कोणी सांगितले, कोठे मिळेल आणि वाचल्याची तारीख. पहिले चार रकाने नेमाने भरलेले आहेत. पाचव्यात मात्र तारखा तुरळक, पेरणीनंतर पावसाने दगा दिलेल्या शेतातल्या रोपांसारख्या. नोंदी एकोणीसशेहून अधिक असून तारखा सहाशेच्या आसपास आहेत.

वहीतील पहिली नोंद १९७९ च्या पावसाळी सत्रातील आहे : बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन'. ही नोंद होण्यापूर्वी प्राध्यापकमहाशय सात वर्षे हे पुस्तक वर्गात शिकवीत होते. शिकवीत होते म्हणजे काय, तर १८५७ साली प्रसिद्ध झालेली, विधवांच्या स्थितीचे निरूपण करणारी, मराठीतील पहिली म्हणून ओळखली जाणारी कादंबरी. हेतू बोधप्रधान, कलादृष्ट्या सामान्य. एवढे सांगून हरि नारायण आपट्यांकडे वळत होते. वाङ्मयेतिहासाच्या तासाची चाल अशीच असते. दीडशे वर्षे चाळीस तासांत उरकावयाची, तर पुस्तकांजवळ थांबून भागत नाही. त्या दिवशी मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, शेवटी त्या यमुनेचं काय होतं?" सरांनी किंचित थांबून उत्तर दिले, "ते आपल्या अभ्यासक्रमात नाही." उत्तर खोटे नव्हते. मुलगी खाली बसली आणि तास पुढे गेला.

त्या रात्री वही आखली गेली. तिचा जन्म वाचनाच्या हौसेतून झालेला नाही, लाजेतून झाला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिल्या चार पानांवरील नोंदी म्हणजे ज्यांच्याविषयी वर्गात निःशंकपणे मते सांगितली गेली होती आणि जी कधी उघडलीही गेली नव्हती अशा पुस्तकांची यादीच आहे. त्यांतील काही नावे इतकी मान्यवर आहेत की ती येथे न दिलेलीच बरी. मराठीच्या किती प्राध्यापकांना अशी चार पाने भरता येतील, हा प्रश्न चर्चासत्रात कोणी विचारीत नाही, आणि विचारल्यास चहाची सुटी लवकर होईल.

पुढे वहीचा स्वभाव पालटला. देणे फेडण्यासाठी वाचावयास घेतलेले प्रत्येक पुस्तक नवी देणी करून ठेवू लागले. एक उदाहरण पुरेसे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्यांनी पूर्वीच वाचली होती. शिकविण्यासाठी पुन्हा हाती घेतली, तेव्हा रेव्हरंड टिळकांनी अपुरे ठेवलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' वहीत आले. 'ख्रिस्तायन'च्या ओघाने फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' आले. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेले हे मराठी पुराण रोमन लिपीत होते, १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन लिपीतच निघाली, आणि देवनागरी वाचकाच्या हाती ते १९५६ साली, शांताराम बंडेलूंच्या संपादनाने आले. एवढे कळल्यावर लिपीचा आणि छपाईचा प्रश्न उभा राहिला, म्हणून अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेच्या आरंभाविषयीचा १९५८ चा इंग्रजी ग्रंथ नोंदला गेला. त्यातून कोकणीची जुनी व्याकरणे. एका बाईच्या संसाराच्या हकिकतीपासून निघालेला वाचक आठ-दहा ओळींत रायतूरच्या छापखान्यापाशी पोहोचला, आणि पाचव्या रकान्यात तारीख पडली ती 'स्मृतिचित्रे'पुढेच.

शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाती आली तेव्हा तर प्रकरण हाताबाहेरच गेले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची ती सूची संदर्भासाठी असते. ती सलग वाचावयाची नसते, हे साधे पथ्य त्यांनी पाळले नाही. दिवाळीच्या सुटीत ते सूचीच वाचीत बसले. घरातून अडकित्त्याच्या आवाजाबरोबर प्रश्न आला की गोष्ट कुठवर आली. त्या एका सुटीत वहीत एकशे बारा नोंदी वाढल्या.

योजनाही पुष्कळ झाल्या. एकदा कालानुक्रमाने वाचण्याचे ठरले; 'लीळाचरित्रा'पासून आरंभ झाला आणि सोळाव्या शतकाच्या अलीकडे येण्याआधीच उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. एका वर्षी फक्त आत्मचरित्रे. एका वर्षी रोज पन्नास पाने. योजना आखण्याच्या दिवशी जो उत्साह असे तो पुस्तक उघडण्याच्या दिवशी नसे. वाचनाची योजना आखणे हे वाचनाहून वेगळेच सुख आहे. त्यात पुस्तके सारी चांगली असतात आणि आपणही.

'यमुनापर्यटन' महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नव्हते. ते अखेर १९८७ साली, पुण्यात उद्बोधन वर्गासाठी गेले असता, एका जुन्या ग्रंथालयात बसून दोन दुपारींत वाचून झाले. यमुना विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा विवाह करते. आता उत्तर ठाऊक होते. विचारणारी मुलगी मात्र परीक्षेलाही न बसता लग्न होऊन गेली होती, आणि तिचे सासरचे नाव कोणाला माहीत नव्हते. दुसरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बोधप्रधान आणि कलादृष्ट्या सामान्य हा अभिप्राय चुकीचा नव्हता. परंतु प्रवासात एकामागून एक भेटणाऱ्या त्या विधवांच्या हकिकती वाचताना तो ओठांवर येईना. इतकी वर्षे जे मत ते स्वतःचे म्हणून सांगत आले होते ते कोणाचे होते, हे त्यांना शोधूनही सापडले नाही. पुढच्या वर्षी या पुस्तकाला त्यांनी वर्गात तीन तास दिले. अभ्यासक्रम अर्थातच पुरा झाला नाही, आणि मुलांनी बाजारातील मार्गदर्शके घेऊन परीक्षा दिली.

निवृत्तीनंतर सगळे वाचू, ही आणखी एक योजना. निवृत्तीला वीस वर्षे होत आली आहेत. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याला तासाभरात पाणी येते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने हिशेब मांडला. तेराशे उरली, वर्षाला चाळीस होतात, म्हणजे साडेबत्तीस वर्षे. आणि वय एकोणऐंशी. हिशेब त्यांनी खोडरबराने पुसला. अंक मात्र कागदावर उमटलेले दिसतात.

मग त्यांनी लाल पेन्सिल घेऊन नावे कमी करावयाचे ठरविले. हे काम दोन दिवस चालले आणि सतरा नावे कटली. अडचण तिसऱ्या रकान्याची होती. 'कोणी सांगितले' याखाली ज्यांची नावे आहेत त्यांतील पुष्कळशी माणसे आता नाहीत. ग्रंथालयातील एका शिपायाने सुचविलेला शाहिरांचा संग्रह, एस.टी.त शेजारी बसलेल्या कृषी खात्यातल्या गृहस्थांनी सांगितलेले दुष्काळावरचे पुस्तक. ज्याच्याशी अकरा वर्षे अबोला होता त्या सहकाऱ्याने, अबोल्याच्या आधीच्या वर्षी, आग्रहाने लिहून दिलेली एक कादंबरी. पुस्तक कदाचित सुमारही असेल. पण नाव खोडले की सांगणाराही खोडला जातो. त्या सहकाऱ्याची कादंबरी त्यांनी त्या रात्रीच वाचावयास घेतली, सुमारच निघाली. तारीख मात्र ठळक शाईने घातली आहे.

चौथ्या रकान्याने वेगळीच फजिती केली. 'कोठे मिळेल' याखाली पूर्वी 'दुर्मिळ', 'फक्त मुंबईस', 'आवृत्ती संपली' असे शेरे होते आणि ते मनाला मोठा आधार देत. वाचले नाही, कारण मिळत नाही. यापुढे कोणी बोलू शकत नसे. आता महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत, जुन्या ग्रंथांच्या प्रतीही ठिकठिकाणी पडद्यावर उघडतात. नातीने एका रविवारी वही शेजारी घेऊन दोनशेहून अधिक पुस्तके त्यांच्या टॅबवर उतरवून दिली आणि अक्षरे मोठी कशी करावयाची तेही दाखविले. आजोबांना आनंद झाला, असे तिला वाटले. तो झालाही असेल. पण दोनशे शेरे एका दुपारी खोटे ठरले, आणि सबब म्हणून एकच गोष्ट उरली, ती वय.

अलीकडे जवळच्या महाविद्यालयातील एक तरुण अध्यापिका त्यांच्याकडे येतात. तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी शिकवितात, प्रबंधाचे काम रखडले आहे. वहीविषयी कळल्यावर त्यांनी ती चार दिवसांसाठी मागून नेली. परत केली तेव्हा शेवटच्या नोंदीखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, तीन नवी नावे होती. "सर, विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही," त्या म्हणाल्या. सरांनी चष्मा पुसून तिन्ही नावे वाचली. एकही ठाऊक नव्हते. "तिसरा रकाना मोकळा का ठेवलात?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पेन उघडून तेथे त्यांचे नाव लिहिले. मग कोणते आधी वाचावे, यावर चहा थंड होईपर्यंत बोलणे चालले.